माले येत नही

2003 साली शिंदखेड्यात एका क्लासमध्ये मी एमएस-सीआयटी केलं. एका संगणकापुढे आम्ही दोघं बसायचो. एकानं माउस धरायचा, दुसऱ्यानं बघायचं, आणि वेळ संपत आली की जागा बदलायच्या. कोणी काही विचारलं की मागच्या रांगेतून हसू ऐकू यायचं. त्यामुळे विचारणं हळूहळू बंद झालं. परीक्षेत चांगले गुण पडले, प्रमाणपत्र मिळालं, पण प्रिंटर अडकला तर काय करायचं हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी शिकायला पुण्याला गेलो. खोलीवर अमळनेरचा एक मुलगा होता. तो मला मॉडेल कॉलनीत, अतुर सेंटरमधल्या सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत घेऊन गेला. पुणे लिनक्स युझर्स ग्रुपची बैठक तिथे महिन्याच्या पहिल्या शनिवारी भरायची. सगळे त्याला ‘प्लग’ म्हणत. दारातून आत जाताना फी किती, फॉर्म कुठे भरायचा, हेच माझ्या डोक्यात चाललं होतं. फी नव्हती आणि फॉर्मही नव्हता. मागच्या बाकावर बसलो, एवढ्यावर मी सभासद झालो.

त्या दिवशीचं व्याख्यान मला फारसं कळलं नाही. लक्षात राहिले ते व्याख्यानानंतर उठलेले एक गृहस्थ. केस पांढरे, बोलण्यावरून कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असावेत. ते म्हणाले, “हे मला दोन दिवस जमत नाहीये. कुणाला माहीत आहे का?” कुणी हसलं नाही. एक कॉलेजचा पोरगा उठून त्यांच्या लॅपटॉपपाशी गेला आणि दोघं तिथेच काम करत बसले. माझ्यासाठी तो शनिवार एवढाच होता आणि तेवढा पुरेसा होता.

अशा गटांचा इतिहास मी पुढे वाचला. 5 मार्च 1975 ला अमेरिकेत मेन्लो पार्कमधल्या एका गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. स्टीव्ह वॉझ्निॲक तिथे जात असे. ॲपलच्या पहिल्या संगणकाचे आराखडे त्यानं त्या क्लबात फुकट वाटले होते. आपल्याला कळलं ते दुसऱ्याला दाखवायचं ही रीत तिथेही होती, आणि ती मॉडेल कॉलनीपर्यंत पोचली होती.

पुण्यात मी हातानं शिकलो. हार्ड डिस्कचे भाग पाडायचे, एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली ठेवायच्या, आतल्या स्वस्त मोडेमला लिनक्स ओळख का देत नाही ते समजून घ्यायचं. ते मोडेम अर्धं काम विंडोजच्या सॉफ्टवेअरवर ढकलत असे. बाहेरून जोडायचं मोडेम मात्र बिनतक्रार चालायचं. सुट्टीत घरी यायचो तेव्हा हेच ज्ञान उपयोगी पडलं. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला पाच किलोबाइट मिळत, आणि त्या वेगानं लिनक्सची 700 एमबीची सीडी उतरवायला सुमारे चाळीस तास लागले असते, तेही वीज असती तर. उबुंटू नावाचं लिनक्स काढणारे तेव्हा मागणी केली की सीडी टपालानं फुकट पाठवत. परदेशी तिकिटाचं ते पाकीट शिंदखेड्याच्या पत्त्यावर आलं, तेव्हा पोस्टमनकाकांनी मला दोनदा विचारलं, “पैसे नाहीत ना भरायचे?”

2007 मध्ये मी परत आलो. दोंडाईच्याला नोकरी लागली, राहायला शिंदखेड्यात. स्टँडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानदाराला मी विचारलं, रविवारी दोन तास बसलो तर चालेल का? तो हो म्हणाला. वेळ मात्र आमच्या हातात नव्हती. भारनियमनाचं वेळापत्रक बघून आम्ही कधी सकाळी आठला बसायचो, कधी दुपारी तीनला. पहिल्या रविवारी तिघे होतो. गटाला नाव नव्हतं, पुढेही कुणी दिलं नाही.

लोकांना लिनक्सपर्यंत आणायचं माझं स्वप्न पहिल्याच महिन्यात बाजूला पडलं. त्यांची अडचण मराठीची होती. एका ग्रामपंचायतीत टाइप केलेला ठराव तालुक्याच्या संगणकावर उघडला की नुसती रोमन अक्षरं दिसत. मग मी फळ्यावर मांडून दाखवलं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘काम’ हा शब्द संगणकाच्या लेखी ‘काम’ नसतोच. तो रोमन डी, के आणि ई असतो. फॉन्ट त्या तीन अक्षरांना फक्त देवनागरी कपडे चढवतो. दुसऱ्या यंत्रावर तो फॉन्ट नसला की कपडे उतरतात. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, 0915, आणि तो जगात कुठेही ‘क’च राहतो. विंडोज एक्सपीमध्ये हे चालू करायला एका चौकोनात खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. सीडी बहुतेकांकडे नसायची. एका शिक्षकांच्या शाळेत ती कपाटात सापडली, तेव्हा आम्हाला घबाड मिळाल्यासारखं झालं.

एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगितलीच पाहिजे. 2009 च्या लग्नसराईत एका छपाईवाल्याच्या यंत्रावर मी लिनक्स टाकत होतो. वीज गेली, यूपीएसनं दगा दिला, आणि हार्ड डिस्कवरचा त्याच्या कामाचा भाग पुसला गेला. तीन वर्षांच्या लग्नपत्रिकांचे नमुने गेले. तो माणूस मला काहीच बोलला नाही. नंतरचे चार रविवार मी त्याच्याकडे बसून पत्रिका नव्यानं जुळवल्या. तेव्हापासून आमच्यात एक नियम झाला: आधी प्रत काढायची, मग हात लावायचा.

गटाला खरं वळण दिलं ते एका अंगणवाडीताईंनी. त्या दारातच उभ्या राहिल्या. आत सगळे पुरुष. मी “या, बसा” म्हणालो, तर त्या म्हणाल्या, “माले येत नही, मी बघस फक्त.” तासभर त्यांनी नुसतं बघितलं. मग एका यंत्रावर त्यांनी दहा ओळी टाइप केल्या, कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि सगळं गायब झालं. “हाई परत यी का दादा?” मी कंट्रोल आणि झेड दाबलं. ओळी परत आल्या. त्यांनी मुद्दाम पुन्हा पुसल्या, पुन्हा आणल्या. असं पाच-सहा वेळा केलं. पुढच्या रविवारी त्यांनी दोन मैत्रिणी आणल्या. मी काही बोलायच्या आत त्यांना सांगितलं, “घाबरू नका, पुसायनं तरी परत येस.” मला जे वर्षभर समजावता आलं नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. त्यानंतर “माले येत नही” हे वाक्य आमच्याकडे लाजेनं कुणी उच्चारलं नाही. बैठकीची सुरुवातच त्यानं व्हायची.

2015 मध्ये ‘सरल’ ही प्रणाली आली आणि शाळांची सगळी माहिती ऑनलाइन भरायची झाली. रविवारी दुकानात शिक्षकच शिक्षक. दोन वर्षांनी कर्जमाफीचे अर्ज आले. नवरा-बायको दोघांनी अंगठा द्यायचा, आणि कापूस वेचून, खुरपून रेषा झिजलेल्या बोटांना यंत्र ओळख देत नसे. हात कोमट पाण्यानं धुवा, पुसा, दुसरं बोट लावून बघा, हे आमच्याच वहीत लिहिलेलं होतं.

ती वही ताईंनीच सुरू केली होती. दोनशे पानी, डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. दरम्यान 2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले, आणि प्रश्नांची जागा दुकानातून खिशात गेली. गर्दी आटत गेली. भांडण झालं नाही, निरोपही कुणी घेतला नाही.

वहीतला शेवटचा प्रश्न 2018 च्या मे महिन्यातला आहे. डिजिटल सहीचा सातबारा नुकताच सुरू झाला होता, आणि एका शेतकऱ्यानं लिहिलं होतं: सहीवर प्रश्नचिन्ह दिसतं, उतारा खोटा तर नाही? उजवीकडचं पान कोरं होतं. मी त्याला फोनवर समजावलं होतं, वहीत उतरवायचं राहून गेलं. परवा वही सापडली तेव्हा लिहून टाकलं: उतारा खराच आहे, फक्त त्या सहीची ओळख आपल्या संगणकाला एकदा करून द्यावी लागते.