दहा हजारांचा चित्रपट, दीड लाखाची गाणी

चित्रपट हे पैसेवाल्यांचे माध्यम आहे, असा समज आपल्या कार्यकर्त्यांत आणि विद्यार्थ्यांत घट्ट रुजलेला आहे. कवितेला वही-पेन पुरते, पथनाट्याला चार मित्र आणि एक चौक मिळाला की भागते. चित्रपटाला मात्र भांडवल लागते आणि ते आपल्याकडे नाही. म्हणून आपले जगणे पडद्यावर इतरांनी मांडायचे आणि आपण त्यावर निषेधाचे लेख लिहायचे, अशी कामाची वाटणीच होऊन बसली आहे. हा समज अर्धाच खरा आहे. त्यातला खरा भाग कोणता आणि खोटा कोणता, हे एका चित्रपटाच्या आधारे येथे तपासायचे आहे.

अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याशी दलित साहित्याचे नाते आपल्याला परिचयाचे आहे. १९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर स्थापन झाली आणि तिच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या वॉट्स या वस्तीत एक काळा विद्यार्थी आपला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट करू लागला होता. चार्ल्स बर्नेट त्याचे नाव. जन्म १९४४, मिसिसिपी राज्यातला, वाढला वॉट्समध्ये. याच वॉट्समध्ये ऑगस्ट १९६५ मध्ये पोलिसांनी केलेल्या एका अटकेवरून उठाव पेटला आणि ३४ माणसे मेली. त्यानंतर ही वस्ती वर्तमानपत्रांत फक्त जाळपोळीपुरती उरली. तिथल्या माणसांचे रोजचे जगणे कुणालाच नको होते. बर्नेट यांना नेमके तेच मांडायचे होते.

'किलर ऑफ शीप' हा तो चित्रपट. स्टॅन हा कत्तलखान्यातला कामगार. दिवसभर मेंढ्या कापून, फरशा धुऊन तो घरी येतो. त्याला झोप येत नाही, बायकोशी बोलवत नाही. वस्तीतली मुले एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उड्या मारत असतात. एका प्रसंगात स्टॅन आणि त्याचा मित्र पैसे मोजून मोटारीचे जुने इंजिन विकत घेतात. जिन्यावरून ते जड धूड कसेबसे खाली आणतात आणि टेंपोसारख्या उघड्या गाडीच्या अगदी कडेला ठेवतात. गाडी सुरू होते, इंजिन रस्त्यावर पडते आणि निकामी होते. दोघे ते तिथेच टाकून निघून जातात. कुणी भाषण करीत नाही, कुणी रडत नाही. माझे वडील नगरपालिकेच्या सफाई खात्यात होते. कामावरून आल्यावर ते तासभर भिंतीकडे बघत बसत. तो थकवा मी पडद्यावर प्रथम पाहिला तो या चित्रपटात.

हा चित्रपट १०,००० डॉलरपेक्षा कमी खर्चात झाला. ते कसे जमले, हे नीट समजून घेतले पाहिजे. बर्नेट यूसीएलए या विद्यापीठात शिकत होते आणि पदवीसाठी सादर करायचा प्रबंध म्हणून त्यांनी हा चित्रपट केला. चित्रण कृष्णधवल, आणि तेही ३५ ऐवजी स्वस्त पडणाऱ्या १६ मिलिमीटरच्या फिल्मवर. जागा म्हणजे वस्तीतली खरी घरे, गल्ल्या, रेल्वेचे रूळ. नट म्हणजे बहुतेक मित्र, शेजारी आणि त्यांची मुले. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन सगळे स्वतःचे. काम मुख्यतः शनिवार-रविवारी चाले. पैशाची उणीव त्यांनी वेळाने भरून काढली. म्हणून चित्रपट पुरा व्हायला १९७७ साल उजाडले.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, हा एकट्या माणसाचा पराक्रम नव्हता. त्या विद्यापीठात तेव्हा काळ्या विद्यार्थ्यांचा एक गट तयार झाला होता आणि ते एकमेकांच्या चित्रपटांवर राबत. हेले गेरिमा यांच्या 'बुश मामा'चा कॅमेरा बर्नेट यांनी सांभाळला. बिली वुडबेरी यांच्या 'ब्लेस देअर लिटल हार्ट्स' (१९८४) या चित्रपटाची पटकथा आणि छायाचित्रणही त्यांचेच. आपल्याकडे पैरा करून एकमेकांची शेते उरकतात, तसाच हा प्रकार. दुसरी गोष्ट म्हणजे, गरिबीने चित्रपटाला त्याची घडण दिली. त्यात चढत जाणारे कथानक नाही. सुटे सुटे प्रसंग आहेत, आणि असा सुटा प्रसंग एखाद्या रविवारी पुरा करता येतो. तरीही तो आधी लिहून काढलेला होता. फिल्म महाग असते तेव्हा विचार कागदावरच करून घ्यावा लागतो.

एक उणीवही सांगितली पाहिजे. स्टॅनच्या बायकोला या चित्रपटात नाव नाही. कायसी मूर या अभिनेत्रीने तिची वाट पाहणारी चीड अशी उभी केली आहे की, तो नाचाचा प्रसंग विसरता येत नाही. पण श्रेयनामावलीत ती केवळ 'स्टॅनची बायको'च राहते. आपल्या आत्मकथनांविषयी स्त्रियांनी जो प्रश्न विचारला, तो येथेही विचारावा लागतो.

आता समजाचा खरा भाग पाहू. १९८१ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. १९९० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत त्याची नोंद झाली. पण तो चित्रपटगृहात लागू शकला नाही. कारण त्यातली गाणी. पॉल रोबसन, डायना वॉशिंग्टन अशा गायकांचे आवाज बर्नेट यांनी वापरले होते. काळ्यांच्या संगीताचा इतिहासच त्यांना ऐकवायचा होता. विद्यार्थ्याच्या प्रबंधाला कुणी परवाना विचारला नाही. मात्र तिकीट लावून दाखवायचे म्हटल्यावर एकेका गाण्यासाठी दोन परवानग्या लागतात: एक गीत-संगीताच्या मालकाची, दुसरी ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. ज्या वस्तीत ही गाणी घराघरांत वाजत होती, त्या वस्तीची त्यांवर कायद्याने मालकी नव्हती. अखेर २००७ मध्ये, तीस वर्षांनी, चित्रपट प्रदर्शित झाला. गाण्यांच्या हक्कांसाठी १,५०,००० डॉलर मोजावे लागले, म्हणजे निर्मितीखर्चाच्या पंधरापटींहून अधिक. त्यातही शेवटच्या गाण्याचा परवाना तेव्हा मिळाला नाहीच. त्या जागी आधीचेच एक गाणे पुन्हा घ्यावे लागले.

म्हणजे काय झाले? चित्रपट करणे गरिबाला जमले. तो लोकांपुढे नेणे जमले नाही. कॅमेरा भांडवलाच्या हातून सुटला, पण पडदा आणि मालकी हक्क सुटले नाहीत.

आज मोबाईलवर चित्रण होते आणि फिल्मचा खर्च उरलेला नाही. म्हणूनच हा धडा अधिक निकडीचा आहे. माझे विद्यार्थी १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे चित्रण करतात तेव्हा मागे कर्ण्यावर भीमगीत वाजत असते. गीत आपल्याच माणसाने लिहिलेले, आपल्याच माणसाने गायलेले. पण त्या ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा एखाद्या कंपनीची असते. आपल्या कायद्यात गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे गीतावर हक्क चालतो. तेव्हा गावच्या शाहिराकडून नवे गाणे लिहून घ्यावे, ते वस्तीतल्या गायन पार्टीकडून गाऊन घ्यावे आणि त्यांची परवानगी कागदावर सहीनिशी घ्यावी. त्या कागदात गाणाऱ्याचा वाटाही लिहावा. नाहीतर आपणच नवे सावकार होऊ.

दाखवण्याचा मार्गही आधीच ठरवावा लागतो. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली 'ओडेसा' ही संघटना काढली. गावोगाव चॅप्लिनचा 'द किड' दाखवून त्यांनी लोकांकडून वर्गणी जमवली आणि त्यातून 'अम्मा अरियान' (१९८६) तयार केला. ज्यांनी पैसे दिले त्यांच्याच गावात चित्रपट परत गेला.

आपल्याकडे बुद्धविहारे आहेत, वसतिगृहे आहेत, जयंतीच्या समित्या आहेत, वर्गणीची पावतीपुस्तके आहेत. जाहीर प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागते, हेही ध्यानात ठेवावे. पहिल्या चित्रपटाचे अंदाजपत्रक मांडायला बसाल तेव्हा कॅमेऱ्याचा आकडा शेवटी लिहा. गाणे कोणाचे, चित्रपट कोणाच्या नावावर आणि तो कुठल्या वस्तीत आधी दाखवायचा, हे तीन प्रश्न आधी सोडवा.