कच्च्या फिल्मची खरेदी

जिच्यावरील प्रकाशसंवेदी लेपाला अद्याप उजेड लागलेला नाही, अशी चित्रीकरणाची फिल्म व्यवसायात ‘कच्ची फिल्म’ म्हणून ओळखली जाते आणि तिची खरेदी फुटांच्या मापाने होते. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी मावतात. सेकंदाला २४ चौकटी या गतीने मिनिटाला ९० फूट फिल्म सरकते, त्यामुळे हजार फुटांचा डबा अकरा मिनिटांत संपतो. दोन तासांच्या चित्रपटाला १०,८०० फूट पुरतात. परंतु प्रत्येक दृश्य सरासरी पाच वेळा टिपावे लागेल असे धरले, तर ५४ डबे घ्यावे लागतात. दिग्दर्शकाला किती रिटेक परवडतील, हे असे चित्रीकरणाआधीच ठरून जाते.

या खरेदीचा भारतातील सर्वांत विलक्षण अध्याय दादासाहेब फाळके यांचा आहे. १९१२ मध्ये लंडनला जाऊन त्यांनी विल्यमसन कॅमेऱ्याबरोबरच फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्रही विकत घेतले, कारण त्या काळी कच्ची फिल्म छिद्रांवाचून मिळत असे. कॅमेऱ्यातील दात याच छिद्रांत अडकून फिल्म पुढे ओढतात. त्यांतील अंतर किंचितही चुकले, तर पडद्यावरचे चित्र थरथरते. हे काम अंधारात, घरीच होई आणि त्याचा मोठा भार सरस्वतीबाई फाळके यांनी उचलला. चौकटीच्या प्रत्येक बाजूला चार छिद्रे या हिशेबाने ३,७०० फुटांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या एकाच प्रतीला दोन्ही कडा मिळून सुमारे पावणेपाच लाख छिद्रे भरतात, आणि वाया गेलेली फिल्म त्यात धरलेली नाही. भारतीय चित्रपटाच्या जन्मकथेत या श्रमांना कॅमेऱ्याच्या बरोबरीचे स्थान मिळायला हवे.

पुढचा इतिहास टंचाईचा आहे. दुसऱ्या महायुद्धात आयात आटल्यामुळे सरकारने १९४२ मध्ये चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली आणि पुढच्या वर्षी फिल्मचे वाटपही नियंत्रणाखाली घेतले. स्वातंत्र्यानंतर उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, तर २०१३ मध्ये फूजीने चित्रीकरणाच्या फिल्मचे उत्पादन थांबवले.

डबा निवडताना जाणकार छायालेखक लेपाची संवेदनक्षमता आणि तो सूर्यप्रकाशासाठी आहे की दिव्यांच्या प्रकाशासाठी, हे पाहतोच. शिवाय डब्यावरील बॅच क्रमांकही जुळवतो, कारण दोन बॅचच्या रंगछटांत सूक्ष्म फरक पडू शकतो आणि एकाच प्रसंगाचे तुकडे जोडल्यावर तो डोळ्यांना खुपतो. डबे थंड जागी ठेवतात व शीतपेटीतून काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडत नाहीत, अन्यथा फिल्मवर दव धरते.

मोठ्या चित्रीकरणात मॅगझिनमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या फिल्मपेटीत, दोन-तीनशे फुटांचे न वापरलेले तुकडे उरतात. अंधारात पुन्हा डब्यात भरून चिठ्ठी लावलेले हे तुकडे स्वस्तात मिळतात, म्हणून लघुपट करणाऱ्या होतकरू दिग्दर्शकांना त्यांचा मोठा आधार असतो. मात्र जुन्या किंवा उष्णतेत राहिलेल्या फिल्मवर धुरकट थर चढलेला असू शकतो. त्यामुळे अशा डब्यातील काही फूट आधी रसायनशाळेत धुऊन तपासावेत आणि मगच पैसे मोजावेत.