पीडित महिलांसाठी निवारा व निधी

बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये हिंदू स्त्रीस घटस्फोटाचा कायदेशीर हक्क दिला. केंद्रीय हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये आला. तथापि, छळास कंटाळून घराबाहेर पडलेल्या स्त्रीने त्या रात्री कोठे जावे, हा प्रश्न केवळ हक्काने सुटत नाही. त्यासाठी निधीची तरतूद लागते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. २०१५ मध्ये केंद्र शासनाने निर्भया निधीतून ‘सखी’ केंद्रांची योजना सुरू केली. तेथे उपचार, कायदेविषयक साहाय्य, समुपदेशन आणि अल्पकाळ निवारा एकाच छताखाली मिळतो. बडोद्यासह संपूर्ण गुजरातमध्ये १८१ क्रमांकावर ‘अभयम्’ सेवा अहोरात्र उपलब्ध आहे. शेजाऱ्यांनीही संरक्षण अधिकाऱ्यास अवश्य कळवावे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कायदा कोणतेही दायित्व टाकत नाही.