हौदाच्या कांठीं इतिहासाचा तास
(नभोवाणीवरील भाषण)

आपल्या घरांत पांचवी-सहावींत शिकणारें मूल असेल, तर आज रात्रीं जेवतांना त्याला एक प्रश्न विचारून पाहा. पानिपतची तिसरी लढाई कोणत्या सालीं झाली, हें तें बहुधा चटकन सांगेल. मग त्याला विचारा, कीं आपण राहतों त्या भागाला हें नांव कां पडलें, आणि घरोघरीं नळ येण्यापूर्वीं येथील माणसें पाणी कोठून आणीत असत. मूल गप्प बसेल. आणि खरें सांगावयाचें तर, आपणांपैकीं पुष्कळांनाहि त्याच्याबरोबर गप्पच बसावें लागेल.

ह्यांत मुलाचा दोष नाहीं, आणि क्रमिक पुस्तकाचाहि नाहीं. सबंध राज्यासाठीं लिहिलेल्या पुस्तकांत प्रत्येक गांवची वेस, बाजार आणि हौद यांना जागा मिळणें शक्य नसतें. परंतु त्याचा परिणाम असा होतो, कीं इतिहास म्हणजे दुसऱ्या कोठें तरी, दुसऱ्या कोणाच्या तरी बाबतींत घडलेली आणि परीक्षेपुरती पाठ करावयाची गोष्ट, अशी मुलाची समजूत होऊन बसते. ही समजूत पुढें जन्मभर टिकते. अशा समजुतीचा नागरिक शेजारचा जुना वाडा पडतांना हळहळत नाहीं. आणि इतिहासाच्या नांवानें कोणी कांहींहि सांगितलें, तरी 'हें कशावरून?' असें विचारीत नाहीं. मला ही दुसरी हानि पहिलीपेक्षां मोठी वाटते.

ही उणीव भरून काढण्याचें सामर्थ्य दोन ठिकाणीं आहे. एक शाळा, आणि दुसरें ठिकाण म्हणजे त्या त्या गांवचे जुने कागद, वस्तु आणि वास्तु सांभाळणारी संस्था: इतिहास-मंडळ, संग्रहालय, दफ्तरखाना किंवा जुनें ग्रंथालय. महाराष्ट्र ह्या बाबतींत दरिद्री नाहीं. वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून दप्तरें धुंडाळलीं. १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड काढला, आणि पुढें तिचे बावीस खंड झाले. १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. १९२६ च्या अखेरीस राजवाडे धुळ्यास वारले, आणि तेथेंहि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. ह्या संस्थांकडे कागद आले ते पुष्कळसे घराघरांतून, माळ्यावरच्या पेटींतून आणि देवघराच्या फडताळांतून. म्हणजे गांवच्या घरांतून निघालेला इतिहास मंडळाच्या कपाटांत सुरक्षित राहिला. तेथून तो गांवच्या मुलांकडे परत मात्र फारसा गेला नाहीं.

तो परत नेण्याचा मार्ग म्हणून आपण सहल काढतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या मुलांबरोबर मी एका संग्रहालयांत गेलों होतों. साठ मुलें, दोन शिक्षक आणि पाऊण तास! ओळ मोडूं नका, हात लावूं नका, बोलूं नका, ह्या तीन आज्ञांपलीकडे मुलांना तेथें कांहीं ऐकावयास मिळालें नाहीं. बाहेर आल्यावर एका मुलीला मीं विचारलें, 'काय पाहिलेंस?' ती म्हणाली, 'पुढच्या मुलीची वेणी.' मी हंसलों. परंतु त्या उत्तरांत त्या सहलीचें यथार्थ परीक्षण होतें. शाळेनें मुलें आणलीं, संग्रहालयानें दार उघडलें. दोघांनीं मिळून असें काम मात्र कांहींच केलें नव्हतें.

मिळून काम करणें म्हणजे काय, हें एका उदाहरणानें सांगतों. उदाहरण पुण्याचें घेतों, आणि वस्तु अगदीं साधी घेतों: पाण्याचा हौद. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, कात्रजच्या तलावाचें पाणी जमिनीखालील बांधीव नळांतून शहरांत आणण्यांत आलें. पंप नाहीं, इंजिन नाहीं. केवळ उतारानें कित्येक मैल वाहत तें शनिवारवाड्यापर्यंत येई आणि शहरांतील हौद भरी. नळांतील हवा बाहेर पडावी म्हणून जागोजागीं उच्छ्वास बांधलेले होते. आज त्या हौदांपैकीं कांहीं बुजले आहेत, कांहीं कोरडे आहेत, आणि कांहींचें नांव तेवढें पत्त्यांतून उरलें आहे.

आतां हा हौद शिकवावयाचा कसा? पहिला तास वर्गांत, आणि तो शिक्षकाचा. 'पाणी वर चढत नाहीं. मग कात्रजचें पाणी पुण्यांत कसें आलें?' एवढा एकच प्रश्न त्यानें फळ्यावर लिहावा. मुलें नकाशा काढतील, कोणती जागा उंच आणि कोणती सखल हें शोधतील. भूगोल आणि इतिहास यांच्यामधील भिंत तेथेंच पडेल. दुसरा तास हौदापाशीं. तेथें मुलांनीं पाहावें, मोजावें आणि टिपून ठेवावें: लांबी किती, दगड कोणता, पायऱ्या कोणत्या अंगास, कोठें अक्षरें कोरलीं आहेत काय. ह्या तासाला व्याख्यान नको.

तिसरा तास मंडळाचा. मंडळानें जुन्या नकाशाची एक प्रत द्यावी. १८८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या सरकारी गॅझेटियरचे पुणें जिल्ह्याविषयींचे तीन भाग आहेत. त्यांतील पाणीपुरवठ्याचा उतारा मराठींत सोपा करून द्यावा. आणि पाण्यासंबंधींचा एखादा मोडी कागद मुलांसमोर ठेवून तो जाणत्या माणसाकडून वाचून दाखवावा. मोडी लिपि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून गेली. आज शिक्षकाला ती बहुधा वाचतां येत नाहीं. म्हणून येथें मंडळावांचून शाळेचें चालावयाचें नाहीं. उलट, दहा वर्षांच्या मुलाला एका वेळीं किती पचतें, हें संशोधकाला माहीत नसतें. त्याला मोकळें सोडलें तर तो दीड तास बोलेल आणि मुलें पुन्हां वेणीकडे पाहूं लागतील. म्हणून शाळेवांचून मंडळाचेंहि चालावयाचें नाहीं.

चौथा तास घरचा. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत महापूर आला. नळाचें पाणी बंद पडलें आणि लोक जुन्या विहिरी-हौदांकडे वळले. त्या दिवशीं दहा वर्षांचें असलेलें मूल आज पंचाहत्तरीच्या घरांत आहे. ह्या आजी-आजोबांना नातवंडांनीं विचारावें आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावे. कागद कपाटांत शंभर वर्षें वाट पाहूं शकतो. माणसाची स्मृति तितकी थांबत नाहीं. हें काम पुढच्या वर्षावर टाकतां येण्यासारखें नाहीं.

येथपर्यंत सर्व सुखाचें आहे. परंतु एखादें चुणचुणीत मूल मध्येंच विचारील, 'हें पाणी सगळ्यांना भरूं देत होते का?' ह्या प्रश्नाला बगल देतां कामा नये. त्याचें उत्तर ह्याच शहरांत आहे. १८६८ सालीं जोतीराव फुल्यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठीं खुला केला. एखाद्या माणसाला हौद खुला करावा लागतो, ह्याचा अर्थच असा, कीं बाकीचे त्यांना बंद होते. तेथून एकोणसाठ वर्षांनीं, २० मार्च १९२७ रोजीं, महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे हजारों सहकारी प्याले. पुण्याच्या एका पेठेंतून निघालेला मुलाचा प्रश्न असा सरळ राष्ट्राच्या इतिहासापर्यंत जाऊन पोहोंचतो. तो गाळून हौद शिकविणें म्हणजे दगडांचा इतिहास सांगून माणसांचा लपविणें होय.

ह्याच हौदांपाशीं मुलाला आणखी एक विवेक शिकतां येतो. पुण्यांतील 'बाहुलीचा हौद' डॉ. विश्राम रामजी घोले यांनीं आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ बांधला. तिला शिकविणें कांहींना रुचलें नाहीं आणि त्यांतूनच तिचा घात झाला, अशी करुण कथा सांगतात. मुलांना ती अवश्य सांगावी. मात्र लगेच विचारावें, कीं हौद बांधला हें आपणांस कशावरून कळतें, आणि कथा कशावरून? ती प्रथम कोणीं लिहिली, आणि घटनेनंतर किती वर्षांनीं? कथा खोटी ठरविण्याचा हा उद्योग नव्हे. दगडावर कोरलेली गोष्ट, कागदावर लिहिलेली गोष्ट आणि तोंडोतोंडीं आलेली गोष्ट यांचें वजन निरनिराळें असतें, एवढें बाराव्या वर्षीं कळलें, तर पुढें त्या मुलाला कोणीहि सहज फसवूं शकणार नाहीं.

पुण्याबाहेरच्या श्रोत्यांनीं, आमच्या गांवांत पेशव्यांचा हौद नाहीं, असें म्हणूं नये. जुलै २०२५ मध्यें महाराष्ट्रांतील अकरा आणि तमिळनाडूंतील जिंजी अशा बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. परंतु गांवच्या इतिहासाला तितका उंच कडा लागत नाहीं. ज्या शाळेला किल्ला नाहीं, हौद नाहीं, तिला निदान स्वतःचें जनरल रजिस्टर असतें. त्यांतील जुन्या वर्षांचीं नांवें आणि खासगी मजकूर झांकून केवळ वय, जन्मगांव आणि शाळा सोडण्याचें कारण एवढें शिक्षकानें उतरून दिलें, तरी गांवांत माणसें कोठून आलीं, मुली कोणत्या वयांत शाळेंतून निघाल्या, कोणत्या वर्षीं वर्ग एकाएकीं ओस पडला, हें सर्व मुलें आपण होऊन शोधून काढतील.

ह्या सहकार्याला पैसा फार लागत नाहीं. दोन-तीन गोष्टींचा निश्चय लागतो. मुलांना समारंभाची शोभा म्हणून बोलावूं नये. फेटे बांधून रांगेंत उभें केल्यानें इतिहास कळत नाहीं. मूळ कागद हाताळण्यास न देतां चांगल्या प्रती द्याव्या, आणि मूळ एकदां तरी डोळ्यांनीं पाहूं द्यावा. आणि मुलांनीं केलेल्या टिपा, मोजमापें, आजोबांच्या आठवणी वर्षअखेर रद्दींत न टाकतां मंडळाच्या संग्रहांत तारीख घालून ठेवाव्या. आपण लिहिलेलें कपाटांत राहणार आहे, हें कळतांच मूल किती काळजीपूर्वक लिहितें, हें पाहण्यासारखें असतें. शिवाय पन्नास वर्षांनीं त्याच वह्या इतिहासाचीं साधनें होतील.

वेळ कोठून आणावयाचा, असें शिक्षक विचारतील. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं दहा दिवस दप्तराविना शिक्षणाचे सुचविले आहेत, आणि ऐतिहासिक स्थळांच्या भेटींचाहि उल्लेख केला आहे. त्यांतील दोन दिवस ह्या कामास पुरे आहेत. इंग्लंडांत २०१२ सालीं 'हेरिटेज स्कूल्स' नांवाची योजना सुरू झाली. शाळांच्या गटाला त्या गांवच्या संस्थांशीं जोडून देणारा एक माणूस नेमणें, हें तिचें मुख्य अंग होतें. आपल्याकडे पगारी माणूस मिळेपर्यंत वाट पाहण्याचें कारण नाहीं. निवृत्त शिक्षक, मोडी जाणणारा कारकून, इतिहासाची हौस असलेली गृहिणी, असा एक माणूस प्रत्येक पेठेंत निघेल.

शेवटीं पालकांना एक विनंति. आपल्या घरीं माळ्यावर जुन्या कागदांची एखादी पेटी असेल. ती रद्दीवाल्याला देण्यापूर्वीं मुलाला शेजारीं बसवून एकदां उघडा. एखादें पत्र, एखादी पावती, एखादी पत्रिका निघेल. 'हें कोणाचें? कधींचें? कशावरून?' असे तीन प्रश्न मूल विचारील. त्यांचीं उत्तरें आपणांस देतां आलीं नाहींत, तर ओशाळूं नका. त्याचें बोट धरून मंडळाच्या दारांत जा. इतिहासाचा तास तेथेंच सुरू झालेला असेल.