आपापल्या दालनापुरता प्रवेश

तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी आलेल्या अर्जदारास कोणी आत सोडीत नाही. तो बाहेर बसतो. अभिलेखपाल त्याच्या गट क्रमांकाचा कागद तेवढा रुमालातून काढून आणतो. शेजारच्या गावाचे रुमाल त्याच्या दृष्टीसही पडत नाहीत. दफ्तर संगणकावर गेले की ही जुनी शिस्त पुष्कळदा मागे राहते.

बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके व तितक्याच पंचायत समित्या आहेत. समजा, या सर्वांनी घरकुल लाभार्थ्यांच्या याद्या जिल्ह्याच्या एकाच सर्व्हरवर पाठवावयाच्या आहेत. प्रत्येकीस स्वतंत्र नाव, पासवर्ड आणि स्वतःचे एक फोल्डर, म्हणजे होम डिरेक्टरी, दिली जाते. परंतु सर्व्हरवरील फोल्डर एकात एक अशी रचलेली असतात. लोणारच्या कर्मचाऱ्याने एक पायरी वर जाण्याची आज्ञा दिली की मेहकर, चिखली, संग्रामपूर अशी सारी नावे त्याच्यापुढे येतात. तेथे लिहिण्याची परवानगी नसली तरी वाचण्याची अनेकदा असते. आणि त्या याद्यांत गोरगरिबांचे बँक खाते क्रमांक असतात.

फाइल पाठविण्याची एफटीपी ही पद्धत १९७१ मध्ये अभय भूषण यांनी प्रथम मांडली. ते कानपूरच्या आयआयटीचे पदवीधर. त्या काळी जाळ्यावर मोजक्याच संशोधन संस्था होत्या. आज एका सर्व्हरवर परस्परांना अनोळखी असे शेकडो वापरकर्ते असू शकतात.

यावरील उपाय 'चेंज रूट' या नावाने ओळखला जातो. युनिक्स प्रणालीच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ती सोय होती. वापरकर्त्याने प्रवेश करताच त्याचेच फोल्डर त्याच्यापुरते सर्व्हरचे मूळ ठरते. वर जाण्याची आज्ञा दिली तरी तो तेथेच राहतो, कारण त्याच्या दृष्टीने वर काही उरतच नाही. तंत्रज्ञ यास 'जेल' म्हणतात. निकाल पाठविणाऱ्या शिक्षकाच्या बाबतीत हा शब्द काहीसा कठोरच होय.

ओपनएसएसएच या प्रचलित प्रणालीत ही सोय २००८ मध्ये आली. मात्र तिची एक अट आहे व अडचण बहुधा तेथेच येते. हे वरचे फोल्डर, तसेच तेथवरच्या वाटेवरील प्रत्येक फोल्डर, प्रशासकाच्या मालकीचे असावे लागते आणि त्यात इतर कोणास लिहिता येता कामा नये. अन्यथा प्रणालीच्या फाइलींच्या नावाने स्वतःच्या फाइली तेथे ठेवून वापरकर्ता तिला फसवू शकेल. अट पाळली नाही तर सर्व्हर प्रवेशच नाकारतो. मग तालुक्याहून दूरध्वनी येतो, यादीची मुदत संपत आलेली असते, आणि घाईत ते बंधनच काढून टाकले जाते. वास्तविक उपाय सोपा आहे. वरचे फोल्डर प्रशासकाकडे ठेवावे आणि त्याच्या आत 'आवक' असे दुसरे फोल्डर करून तेवढेच पंचायत समितीच्या मालकीचे करावे.

या खात्यांना फाइल पाठविण्यापलीकडे सर्व्हरवर अन्य आज्ञा चालविता येऊ नयेत, हेही पाहावे लागते. जुन्या एफटीपीत पासवर्ड उघड्या पत्रासारखा जातो; तो दोष या बंधनाने जात नाही, त्यासाठी एसएफटीपी वापरावे लागते.

व्यवस्था लागू झाल्यावर लोणारच्या नावाने प्रवेश करून एक पायरी वर जाऊन पाहावे. मेहकरचे नाव दिसले, तर काम अपुरे आहे.