‘मुलं पळवणारी टोळी आली’ असा मेसेज आला तर? फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

गावात अनोळखी माणसं दिसली की कुणीतरी फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. खाली लिहितो, ‘सावधान, आपापली लेकरं सांभाळा.’ टाकणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण अशाच मेसेजमुळे आपल्या महाराष्ट्रात पाच निरपराध माणसांचा जीव गेला आहे.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार, बाजाराचा दिवस. भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांवर ‘मुलं पळवणारे’ म्हणून संशय घेतला गेला. ग्रामपंचायतीच्या खोलीत जमावाने त्यांना मरेस्तोवर मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. गावोगाव फिरून भिक्षा मागणं हीच त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

संशय त्यांच्यावरच का आला? अमेरिकेचे समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९६३ च्या आपल्या पुस्तकात एक मुद्दा मांडला. माणूस ‘गुन्हेगार’ ठरतो तो फक्त त्याच्या कृत्यावरून नाही, समाज त्याच्यावर कोणता शिक्का मारतो त्यावरूनही. शिक्का एकदा बसला की त्याने काही न करताही लोक त्याच्याकडे संशयाने बघतात.

आपल्याकडे तर हा शिक्का कायद्यानेच मारला होता. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. माणसं तारेच्या कुंपणात ठेवली, त्यांची हजेरी घेतली. सोलापूरची ‘सेटलमेंट’ त्यातलीच. ३१ ऑगस्ट १९५२ ला या जमाती विमुक्त झाल्या. कायदा गेला, पण पाल ठोकून राहणारा, दारोदार फिरणारा माणूस म्हणजे चोर, ही समजूत काही गेली नाही. अफवा आली की ती आधी अशाच माणसावर जाऊन बसते.

अफवा तरी खरी वाटते कशामुळे? विषय जिव्हाळ्याचा असतो आणि खात्रीची माहिती नसते म्हणून. लेकराइतकं जिव्हाळ्याचं दुसरं काय? त्या काळात एक व्हिडिओ देशभर फिरला. मोटारसायकलवर दोघं येतात आणि पोराला उचलून नेतात. खरं तर ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली फिल्म होती. शेवटी ते मूल परत आणून सोडतात. तेवढा भाग कापून व्हिडिओ फिरवला गेला.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच चॅटपर्यंतच फॉरवर्डची मर्यादा घातली. १७ जुलै २०१८ ला सुप्रीम कोर्टाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलं. तरी १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अफवेपायी मारले गेले.

आता भारतीय न्याय संहितेत कलम १०३(२) आहे. जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून पाच किंवा जास्त जणांनी मिळून खून केला, तर त्यातल्या प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते. ‘मी एकच काठी मारली’ म्हणून सुटका नाही.

मग आपण करायचं काय?

- मेसेजमध्ये गाव, तारीख, पोलीस ठाणं नसेल तर पुढे पाठवू नका.
- अनोळखी माणसावर संशय आला तर पोलीस पाटलांना सांगा किंवा ११२ ला फोन करा.
- गर्दी जमायला लागली तर आधी त्या माणसाला बाजूला, सुरक्षित जागी न्या आणि लगेच पोलिसांना कळवा.
- ग्रुप ॲडमिनने खोटा मेसेज काढून टाकावा आणि तो खोटा आहे हे ग्रुपवर लिहावं.

लेकरांची काळजी घ्यायलाच पाहिजे. पण दारात भिक्षेला आलेला माणूसही कुणाचा तरी बाप असतो, आणि त्याचीही लेकरं घरी वाट बघत असतात.