कारणाआधी परिणाम नाही, म्हणून पेट स्कॅन आहे

पेट स्कॅनसाठी आलेल्या रुग्णाला शिरेतून किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर टोचतात आणि तासभर शांत पडून राहायला सांगतात. कर्करोगाच्या बऱ्याचशा पेशी अधाशी असतात. त्या ही साखर जास्त ओढून घेतात. तिच्यातल्या फ्लोरिन-१८ मधून पॉझिट्रॉन बाहेर पडतो. हा इलेक्ट्रॉनचा जुळा भाऊ, फक्त विद्युतभार उलटा. थोडे अंतर जातो न जातो तोच त्याला इलेक्ट्रॉन भेटतो, दोघेही नाहीसे होतात आणि गॅमा किरणांचे दोन कण विरुद्ध दिशांना सुटतात.

पण असा उलटा जुळा निसर्गात असावाच का?

सापेक्षतेच्या सिद्धांतानुसार कोणताही परिणाम प्रकाशापेक्षा वेगाने पोहोचत नाही. सूर्य आत्ता विझला, तरी आपल्याला ते आठ मिनिटांनी कळेल. मधल्या वेळेत इथे कुणी शिंकले, तर शिंक आधी की सूर्य विझणे आधी, यावर वेगवेगळ्या गतीने जाणाऱ्या निरीक्षकांचे एकमत होणार नाही. एकाचा दुसऱ्यावर परिणामच होत नसल्याने त्यात बिघडत काही नाही.

घोळ होतो तो क्वांटम सिद्धांतामुळे. प्रकाशही पोहोचणार नाही इतक्या दूर कण सापडण्याची क्षीण शक्यता गणितात शिल्लक राहते. मग एखाद्या निरीक्षकाला तो निघण्याआधीच पोहोचलेला दिसेल. गोळी घेण्याआधीच ताप उतरावा, तसे. यातून सुटका प्रतिकणामुळे होते. त्या निरीक्षकाच्या लेखी उलट्या विद्युतभाराचा कण उलट दिशेने गेलेला असतो. कण आणि प्रतिकण यांचे वाटे एकमेकांना खोडून काढतात आणि दूरच्या मोजमापावरचा परिणाम शून्य होतो. हिशेब असा चुकता व्हायचा, तर दोघांचे वस्तुमान तंतोतंत सारखे हवे. स्कॅनर ५११ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या, काही नॅनोसेकंदांच्या आत आलेल्या जोड्याच टिपतो, तो याच भरवशावर.

पॉल डिरॅक मात्र वेगळ्या वाटेने इथे आले. त्यांचे समीकरण १९२८ चे, प्रतिकणाचे भाकीत १९३१ चे. कार्ल अँडरसन यांना तो १९३२ मध्ये वैश्विक किरणांत सापडला. कार्यकारणाचा युक्तिवाद रिचर्ड फाइनमन यांनी १९८६ मध्ये केंब्रिजच्या डिरॅक स्मृती व्याख्यानात फार सुंदर मांडला.

स्कॅनमधले ते दोन गॅमा कण एकमेकांशी ‘गुंतलेले’ही असतात. तरीही एकावर मोजमाप झाले की नाही, हे नुसते दुसऱ्याकडे पाहून कळत नाही. ही ‘स्थानिकता’ सोयीस्करपणे विसरून ‘क्वांटम’च्या नावाने दुरून रोग बरा करण्याचे दावे विकले जातात, तेही कर्करोगाच्या घाबरलेल्या रुग्णांना. क्वांटम क्षेत्र सिद्धांत अशा दाव्यांच्या मदतीला येत नाही. क्षणात दुरून परिणाम घडवायला त्याची मनाईच आहे. स्कॅनमध्ये दिसलेल्या गाठीपर्यंत सुरी, औषध किंवा किरण प्रत्यक्ष पोहोचवावे लागतात.